फाटक्या जीन्सची नोंद : हांबुर्गने २००८ मध्ये क्लॉपला कसं गमावलं

जर्मन फुटबॉलमध्ये एक गोष्ट गेली कित्येक वर्षं सांगितली जाते. हांबुर्गर एसव्ही या क्लबने युर्गन क्लॉप या प्रशिक्षकाला फाटकी जीन्स घालतो म्हणून नाकारलं. ऐकणारा हसतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते प्रशिक्षक निवडणाऱ्या कुठल्याही क्लबने ही गोष्ट हसून सोडून देऊ नये. त्या निवडीत बरंच काही नीट केलेलं होतं. बारकाईने पाहिलं तर चूक एका ठरावीक जागी सापडते, आणि ती जागा जीन्सच्या बरीच पुढची आहे.

यातली मोठी माणसं जाहीर जीवनातली असल्याने त्यांची नावं दिली आहेत. क्लॉप तेव्हा ज्या माइंझ क्लबचा प्रशिक्षक होता, तिथे जाऊन टिपणं काढणाऱ्या स्काउट मंडळींची, म्हणजे क्लबच्या निरीक्षकांची, नावं दिलेली नाहीत. त्यांनी दिलेलं काम केलं. काम ठरवलं होतं दुसऱ्यांनी.

पार्श्वभूमी

२००८ मधला हांबुर्ग हा जर्मनीतला वजनदार क्लब होता. १९६३ मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीतली सर्वोच्च श्रेणी, सुरू झाली तेव्हापासून एकदाही खालच्या श्रेणीत न घसरलेला तो एकटाच उरला होता, म्हणून त्याला लाडाने 'डायनो', म्हणजे डायनासोर म्हणत. स्टेडियममध्ये मोठं घड्याळ लावलेलं होतं. क्लब सर्वोच्च श्रेणीत किती वर्षं, किती दिवस, किती तास, किती मिनिटं आणि किती सेकंद आहे, हे त्यावर सतत पळत असे. १९८३ मध्ये अथेन्सला फेलिक्स मागाटच्या एका गोलवर युव्हेन्टसला हरवून त्यांनी युरोपियन कप जिंकला होता आणि तेव्हा प्रशिक्षक होता एर्न्स्ट हापेल. त्या आठवणीची सावली पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकावर पडली.

फेब्रुवारी २००७ मध्ये संघ तळाला गेला होता. थोमास डॉलला काढून हुब स्टीव्हन्स या कडक शिस्तीच्या डच प्रशिक्षकाला आणलं. त्याने संघाला सातव्या क्रमांकावर नेलं आणि पुढच्या हंगामात, २००७-०८ मध्ये, चौथ्या. घडी नीट बसली होती. त्यातच कौटुंबिक कारणाने नेदरलँड्सला परतायचं म्हणून हंगाम संपल्यावर पीएसव्ही आइंडहोव्हनकडे जाणार असल्याचं स्टीव्हन्सने हंगाम चालू असतानाच कळवलं.

हा तपशील महत्त्वाचा आहे. बहुतेक वेळा प्रशिक्षक रविवारी हरतो, सोमवारी जातो आणि मंगळवारी क्लब मिळेल त्याला धरून आणतो. हांबुर्गवर तशी वेळ आलेली नव्हती. हातात काही महिने होते, गुणतक्त्यात संघ वर होता, तिजोरी ठीक होती. शांतपणे निवड करायची अशी संधी क्लबना क्वचित मिळते.

निवडीची सूत्रं दोघांकडे होती : क्लबचा अध्यक्ष बेर्न्ड हॉफमन आणि क्रीडा संचालक डिटमार बायर्सडॉर्फर. हॉफमन व्यवसायाच्या अंगाने विचार करणारा. बायर्सडॉर्फर स्वतः हांबुर्गचा जुना बचावपटू, १९८७ मध्ये जर्मन कप जिंकलेल्या संघातला.

प्रश्न नेमका काय होता

वरवर पाहिलं तर प्रश्न सोपा होता : स्टीव्हन्सनंतर कोण? खाली मात्र दोन वेगळे प्रश्न होते आणि ते एकमेकांत मिसळले गेले.

पहिला, चालू असलेलं नीट पुढे नेईल असा माणूस हवा, की संघाचा खेळच बदलेल असा? स्टीव्हन्सचा संघ बचावाला घट्ट होता, निकाल काढत होता. कर्णधार राफाएल व्हॅन डर व्हार्ट मात्र फार दिवस राहणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तो त्याच उन्हाळ्यात रेआल माद्रिदला गेलाही. म्हणजे नवा माणूस आला की संघाची बांधणी बदलणारच होती.

दुसरा, या क्लबला शोभेल असा माणूस कोण? हांबुर्ग हे जुन्या व्यापाऱ्यांचं बंदर. शब्दाला पक्कं, पोशाखात नेटकं, बोलण्यात मोजकं अशी या शहराची स्वतःबद्दलची कल्पना आहे. 'शोभणं' हा निकष कुठल्याही यादीत लिहिलेला नसतो, तरी बैठकीत सगळ्यांत जड तोच पडतो.

समोर असलेले पर्याय

चर्चेत बरीच नावं आली. शेवटी तुलना करायला दोन माणसं राहिली आणि ती एकमेकांपासून याहून वेगळी असू शकली नसती.

मार्टिन योल हा डच, वयाने पन्नाशी ओलांडलेला. लंडनच्या टॉटनहॅम क्लबला त्याने २००५-०६ आणि २००६-०७ असं सलग दोनदा इंग्लंडमध्ये पाचवं आणलं होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये टॉटनहॅमने त्याला काढलं, त्यामुळे तो मोकळा होता. तरुणपणी बायर्न म्युनिककडून खेळलेला असल्याने जर्मन यायचं. यूएफा कप या युरोपातल्या दुय्यम स्पर्धेच्या गुरुवारच्या रात्री त्याला ठाऊक होत्या. भारदस्त, शांत माणूस.

युर्गन क्लॉप तेव्हा चाळिशीचा. खेळाडू म्हणून अख्खी व्यावसायिक कारकीर्द माइंझ ०५ कडे, आणि तीही दुसऱ्या श्रेणीत. फेब्रुवारी २००१ अखेरीस माइंझ घसरणीच्या काठावर असताना व्यवस्थापक क्रिस्टियान हाइडेलने त्याला विचारलं आणि तो खेळाडूचा थेट प्रशिक्षक झाला. संघ वाचला. २००२ मध्ये बढती शेवटच्या दिवशी हुकली. २००३ मध्ये पुन्हा शेवटच्या दिवशी हुकली, तीही एका गोलच्या फरकाने. माइंझ ब्राउनश्वाइगमध्ये ४-१ जिंकून उभा होता आणि तिकडे फ्रँकफुर्टने शेवटच्या क्षणांत गोल करून सामना ६-३ असा संपवला. सलग दोन वर्षं असं झाल्यावर तोच संघ तिसऱ्या वर्षी पुन्हा उभा करून २००४ मध्ये त्याने बढती मिळवली. माइंझच्या इतिहासातली ती पहिली बुंडेसलीगा.

नंतर दोन वर्षं अकरावा क्रमांक. २००७ मध्ये घसरण. २००८ मध्ये परतायचं होतं, पण दोन गुण कमी पडले आणि माइंझ चौथा राहिला. बढती मिळाली नाही तर मी जाईन, हे क्लॉपने आधीच सांगून ठेवलं होतं.

हांबुर्गच्या जागी बसून प्रामाणिकपणे पाहिलं तर शंका येणं साहजिक होतं. एकीकडे इंग्लंडमध्ये दोनदा पाचवा आलेला माणूस, दुसरीकडे दुसऱ्या श्रेणीत चौथा आलेला. युरोपचा अनुभव म्हणाल तर क्लॉपकडे २००५ चा एक यूएफा कप, तोही खिलाडूवृत्तीच्या गुणांवर मिळालेला प्रवेश, आणि पहिल्याच मुख्य फेरीत सेव्हियाकडून हार. त्या सेव्हियाने पुढे तो कप जिंकला ही गोष्ट वेगळी. कागदावर योल पुढे होता. हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणाबद्दल बोलणं हे निकाल कळल्यावर शहाणं होणं ठरेल.

सरावाच्या मैदानावर

आता मुख्य जागा. हांबुर्गने एक फार चांगली गोष्ट केली, जी त्या काळी फारसे क्लब करत नसत. नुसत्या नावावर आणि मुलाखतीवर न थांबता त्यांनी उमेदवारांचं काम प्रत्यक्ष पाहायला माणसं पाठवली. खेळाडू विकत घेताना पाच-सहा सामने पाहतात, मग प्रशिक्षक घेताना का पाहू नयेत? विचार अगदी बरोबर होता.

क्लॉपबद्दल जे टिपण परत आलं, त्यातल्या ठळक गोष्टी पुढे जाहीर झाल्या. जीन्सला भोकं आहेत. दाढीचे खुंट वाढलेले असतात. वेळ पाळत नाही. खेळाडू त्याला 'क्लॉपो' म्हणून हाक मारतात.

या चार ओळी मी बऱ्याचदा समोर ठेवून बसलो आहे. यातली एकही ओळ फुटबॉलबद्दल नाही.

माइंझच्या मैदानावर तेव्हा पाहण्यासारखं काय होतं? चेंडू हातातून गेल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो परत मिळवायचा सराव. चेंडू जिकडे सरकेल तिकडे अख्खा संघ एखाद्या चादरीसारखा सरकवण्याची रचना. हे क्लॉप शिकला होता त्याचा जुना प्रशिक्षक वोल्फगांग फ्रांककडून. जर्मनीत बरेचसे संघ माणसाला माणूस लावून बचाव करत होते, तेव्हा नव्वदच्या दशकातच फ्रांकने माइंझमध्ये चौघांची क्षेत्र-बचावाची रांग आणली होती. सर्वांत कमी पैशांतल्या क्लबांपैकी एक असूनही माइंझ बुंडेसलीगात टिकला, तो या पद्धतीवर. खेळाडू कोण आहे यापेक्षा तो कुठे उभा राहतो आणि कधी धावतो यावर ती चालते. म्हणूनच ती दुसऱ्या क्लबला नेता येण्यासारखी होती. निवड समितीला हवं असलेलं उत्तर त्या हिरवळीवर रोज सकाळी लिहिलं जात होतं.

आता 'क्लॉपो'कडे या. जर्मन भाषेत मराठीसारखंच 'तू' आणि 'तुम्ही'चं अंतर आहे, आणि वरिष्ठाला टोपणनावाने हाक म्हणजे वचक नाही, असा अर्थ लावणं हांबुर्गच्या माणसाला सहज होतं. आपल्याकडेही गावच्या तालमीतल्या वस्तादाला कुणी 'अरे बाळ्या' म्हणालं तर बाहेरच्याला धक्काच बसेल. पण या हाकेचा उगम पाहायला हवा होता. फेब्रुवारी २००१ पर्यंत क्लॉप याच कपडे बदलायच्या खोलीत या लोकांशेजारी बसत होता. गोलरक्षक डिमो वाखे त्याच्याबरोबर खेळला होता आणि २००८ मध्येही संघात होता. कालच्या सोबत्याला आज अचानक 'हेर क्लॉप' कोण म्हणेल? आणि वचक म्हणाल तर, २००४ च्या हंगामापूर्वी हाच माणूस अख्ख्या संघाला स्वीडनमधल्या एका तळ्याकाठी पाच दिवस घेऊन गेला होता. वीज नाही, सोबत अन्न नाही, मासे पकडायचे आणि खायचे. व्यावसायिक खेळाडू कुरकुर न करता ज्याच्या मागे असं जातात, त्याला ते कोणत्या नावाने हाक मारतात याने काय फरक पडतो?

पोशाखाचं तर नवल वाटायचंही कारण नव्हतं. २००६ च्या विश्वचषकात झेडडीएफ वाहिनीवर क्लॉप सामन्यांचं विश्लेषण करत होता आणि त्यासाठी त्याला जर्मन टीव्हीचा पुरस्कारही मिळाला होता. तो कसा दिसतो, कसा बोलतो, हे सगळ्या देशाला घरबसल्या माहीत होतं. ते शोधायला कुणाला माइंझला पाठवण्याची गरज नव्हती.

निर्णय

मे २००८ मध्ये हांबुर्गने योलची निवड जाहीर केली.

क्लॉपपर्यंत टिपणातल्या गोष्टी पोहोचल्या तेव्हा तो चिडला. त्याने हे पुढे स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. जीन्स आणि दाढी याबद्दल त्याचं म्हणणं नव्हतं, ते खरंच होतं. त्याला लागलं ते 'वेळ पाळत नाही' हे वाक्य. आपण वेळेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहोत, असं त्याचं ठाम म्हणणं. त्याने बायर्सडॉर्फरला कळवलं की तुम्हाला अजून रस असेल तरी मला नाही, आणि पुन्हा फोन करू नका.

क्लॉप त्याच महिन्यात बोरुसिया डॉर्टमुंडला गेला. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या दारातून परत आलेला आणि नुकताच तेरावा आलेला हा क्लब. त्यांनी त्या हंगामात ६२ गोल खाल्ले होते. तिथला क्लबप्रमुख हान्स-योआखिम वात्स्के आणि क्रीडा संचालक मिखाएल त्सोर्क यांच्याकडे मोठ्या नावावर उधळायला पैसेच नव्हते. त्यांना कमी पैशात, तरुण पोरांना घेऊन, लोकांना पुन्हा मैदानात खेचेल असा माणूस हवा होता. आपल्याला काय हवं हे त्यांना परिस्थितीनेच शिकवलं होतं, म्हणून समोर आलेला माणूस ओळखता आला.

जाता जाता एक गोष्ट. त्याच वर्षी बायर्न म्युनिकमध्येही क्लॉपचा विचार झाला होता. त्यांनी दुसरा युर्गन घेतला, क्लिन्समन, आणि हंगामाचे पाच सामने बाकी असताना एप्रिल २००९ मध्ये त्याला काढलंही. हांबुर्गवर सगळे हसतात, बायर्नवर कुणी हसत नाही, कारण बायर्नची चूक पैशाने आणि पुढच्या चांगल्या निवडीने भरून निघाली.

पहिलं वर्ष : योल बरोबर ठरत होता

ही गोष्ट सांगताना लोक २००८-०९ चा हंगाम गाळतात. मला तो सर्वांत बोलका वाटतो.

योलचा हांबुर्ग त्या वर्षी उत्तम खेळला. एप्रिलमध्ये तो जर्मन कपच्या उपांत्य फेरीत होता, यूएफा कपच्या उपांत्य फेरीत होता आणि बुंडेसलीगाच्या विजेतेपदाच्या शर्यतीतही होता. मग नशिबाने समोर उभा केला तो शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी वेर्डर ब्रेमेन, आणि तोही एकोणीस दिवसांत चार वेळा.

२२ एप्रिलला कपचा सामना १-१, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ब्रेमेनचा गोलरक्षक टिम वीझेने तीन फटके अडवले. ३० एप्रिलला ब्रेमेनमध्ये हांबुर्ग १-० जिंकला. ७ मे रोजी परतीचा सामना हांबुर्गमध्ये. ब्रेमेन २-१ पुढे असताना हांबुर्गचा बचावपटू मिखाएल ग्रावगार्ड आपल्या गोलरक्षकाकडे साधा पास द्यायला गेला. हिरवळीवर प्रेक्षकांतून आलेला कागदाचा एक चुरगळलेला बोळा पडला होता. चेंडू त्यावर आपटून उडाला, ग्रावगार्डच्या पायावरून बाहेर गेला, कॉर्नर मिळाला आणि त्या कॉर्नरवर फ्रांक बाउमनने गोल केला. ३-१. हांबुर्गने एक गोल फेडला, पण सामना २-३ गेला, अंतिम फेरी गेली. तो कागदाचा बोळा आज ब्रेमेन क्लबच्या संग्रहालयात आहे. १० मे रोजी लीगमधला चौथा सामनाही ब्रेमेनने २-० जिंकला.

तरीही शेवटच्या दिवशी काय झालं पाहा. पाचव्या क्रमांकासाठी, म्हणजे युरोपातल्या जागेसाठी, हांबुर्ग आणि डॉर्टमुंड यांच्यात चुरस होती. क्लॉपचा डॉर्टमुंड ग्लाडबाखमध्ये १-१ बरोबरीत अडकला. हांबुर्गने फ्रँकफुर्टमध्ये पिओत्र त्रोखोव्स्कीच्या अगदी शेवटच्या गोलवर ३-२ विजय मिळवला. हांबुर्ग ६१ गुण, डॉर्टमुंड ५९. मे २००९ च्या त्या संध्याकाळी जीन्सचं टिपण कुणाच्या लेखी चूक नव्हतं. उलट निवड समितीची पाठ थोपटली गेली असती.

फक्त एका आकड्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. आदल्या वर्षी ६२ गोल खाणाऱ्या डॉर्टमुंडने या वर्षी ३७ खाल्ले आणि अख्ख्या हंगामात फक्त पाच सामने हरला. हांबुर्गने ४७ गोल खाल्ले आणि अकरा सामने हरला. एका क्लबमध्ये पद्धत मुरत होती, दुसऱ्यात निकाल येत होते.

त्यानंतरची वर्षं

योल त्याच उन्हाळ्यात आयॅक्सकडे निघून गेला. हॉफमनशी मतभेद विकोपाला जाऊन बायर्सडॉर्फरही जूनमध्ये बाहेर पडला. ज्या एका माणसाच्या डोक्यात संघबांधणीचा हिशेब होता तो गेला, आणि ती खुर्ची बराच काळ रिकामीच राहिली. माझ्या मते क्लबचं खरं नुकसान इथे झालं. क्लॉप न मिळाल्याचं वर्ष २००८, घर मोडायला लागल्याचं वर्ष २००९.

योलच्या जागी ब्रुनो लाब्बाडिया आला. एप्रिल २०१० मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीचे दोन सामने चालू असताना, मधल्या आठवड्यात त्याला काढलं. इंग्लंडच्या फुलहॅमकडून संघ २-१ हरला. त्या वर्षीचा अंतिम सामना हांबुर्गच्याच स्टेडियममध्ये होता, १२ मे २०१० रोजी. स्वतःच्या घरातल्या लग्नाला बाहेर उभं राहावं लागलं.

मग आर्मिन फे, ओएनिंग, थोर्स्टन फिंक, बेर्ट व्हॅन मार्वाइक, स्लोम्का, झिनबाउअर, पुन्हा लाब्बाडिया, गिसडोल, होलरबाख, टिट्झ. प्रत्येकाचा खेळ वेगळा, प्रत्येकासाठी वेगळे खेळाडू विकत घेतलेले. २०१४ मध्ये संघ फक्त २७ गुणांवर सोळावा आला आणि श्रेणी टिकवण्यासाठी दुसऱ्या श्रेणीतल्या ग्रॉयटर फ्युर्थविरुद्ध झालेल्या दोन सामन्यांत परक्या मैदानावरच्या एका गोलवर तरला. २०१५ मध्ये तशाच लढतीत कार्ल्सरूहमध्ये जादा मिनिटांत मार्सेलो दियासची फ्री किक आत गेली म्हणून तरला. १२ मे २०१८ रोजी हांबुर्गने ग्लाडबाखला हरवलं, पण वोल्फ्सबुर्गही जिंकला, आणि ५४ वर्षं २६१ दिवसांनी हांबुर्ग पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी ते घड्याळ उतरवलं गेलं. परत यायला त्यांना २०२५ उजाडलं.

डॉर्टमुंड २०११ मध्ये विजेता, २०१२ मध्ये ८१ गुणांसह पुन्हा विजेता, त्याच वर्षी कपच्या अंतिम सामन्यात बायर्नवर ५-२, आणि २०१३ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. तिथून क्लॉप इंग्लंडच्या लिव्हरपूलला गेला, ते पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

क्लॉप आला असता तर?

इथे मी चाहत्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. क्लॉप हांबुर्गला आला असता तर हांबुर्गने दोन विजेतेपदं जिंकली असती, असं मला वाटत नाही.

डॉर्टमुंडमध्ये त्याला जे मिळालं ते आठवा. पैसे नसल्यामुळे तरुणांवर विसंबण्याची सक्ती. माट्स हुमेल्स आधीच उसनवारीवर आलेला. माइंझमधून त्याच्यामागे आलेला नेव्हेन सुबोटिच. क्लबच्याच शाळेत वाढलेला मारिओ गोट्झे. २०१० मध्ये साडेतीन लाख युरोंत आलेला शिंजी कागावा आणि त्याच उन्हाळ्यात पोलंडहून आलेला रॉबर्ट लेवांडोव्स्की. या सगळ्यांमागे त्सोर्क, जो सगळी वर्षं त्याच खुर्चीवर होता. शिवाय पहिल्या दोन वर्षांत सहावा आणि पाचवा क्रमांक आला तरी धीर न सोडणारी माणसं.

हांबुर्गमध्ये सहावा क्रमांक म्हणजे घसरण मानली गेली असती, कारण आदल्या वर्षी चौथा होता. बायर्सडॉर्फर आणि हॉफमन यांचं भांडण क्लॉपमुळे मिटलं नसतं. दुसऱ्या हंगामात, आपल्या माणसाशिवाय, चिडलेल्या अध्यक्षासमोर तो उभा राहिला असता. कदाचित त्याची ओळख 'माइंझपुरता चांगला होता' अशी झाली असती. हे लिहिताना वाईट वाटतं, पण चांगला प्रशिक्षक नेमणं आणि त्याला चांगला राहू देणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि हांबुर्गला त्या दशकात दुसरं काम जमत नव्हतं हे पुढच्या नावांच्या रांगेवरून दिसतं.

मग हुकलं काय? एक संधी हुकली : आपली निरीक्षणाची पद्धत चुकते आहे हे वेळीच कळण्याची. योलचं पहिलं वर्ष चांगलं गेल्याने पद्धतीवर कुणी बोटच ठेवलं नाही. वाईट रीतीने घेतलेला निर्णय बरा निघाला की तो सगळ्यांत महाग पडतो.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा माणसं पाठवण्याआधीची. स्काउटच्या हातात कोरा कागद दिला की डोळ्यांना जे वेगळं दिसेल ते उतरतं. भोकं पडलेली जीन्स पहिल्या मिनिटात दिसते, चेंडू परत मिळवण्यासाठी टाकलेल्या दाबाची रचना समजायला तीन दिवस बसावं लागतं. पाठवण्यापूर्वी पाच-सहा प्रश्न ठरवायला हवे होते. सरावात खेळ थांबवून तो काय दुरुस्त करतो? राखीव खेळाडू किती जोर लावून सराव करतात? चेंडू गेल्यावर संघ काय करतो? दोन वर्षांत कोणता खेळाडू त्याच्या हाताखाली सुधारला? हेच प्रश्न योललाही लावायचे. योल तेव्हा कुठल्याच क्लबकडे नव्हता, म्हणजे त्याचा चालू सराव पाहायची सोयच नव्हती. एकाला मैदानात तपासायचं आणि दुसऱ्याला नावलौकिकावर, ही तुलना मुळातच एका बाजूला झुकलेली होती.

दुसरी जागा टिपण वाचतानाची. 'क्लॉपो म्हणतात' ही नोंद आहे, 'वचक नाही' हा अर्थ आहे. बैठकीत एखाद्याने एवढं विचारलं असतं की, बरं, असं म्हणणारी पोरं त्याचं ऐकतात का, तर उत्तर शोधायला पुन्हा कुणीतरी गेलं असतं. खोलीत एक तरी माणूस असा हवा ज्याचं काम उमेदवाराची बाजू मांडणं हेच आहे. हाइडेलला फोन करता आला असता. सात वर्षं त्या माणसाबरोबर काम केलेला तो होता, आणि क्लॉप जाणार हे ठरल्यावर त्याला खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं.

तिसरी जागा मला सगळ्यांत टोचते. 'वेळ पाळत नाही' हा आरोप गंभीर आहे, तो खरा असेल तर उमेदवार बाद व्हायलाच हवा. पण मग तो त्याच्यासमोर ठेवायला हवा. किती वेळा, कुठे, कशामुळे? हांबुर्गकडे महिने होते. समोरासमोर बसून दहा मिनिटं बोलणं झालं असतं तर एक तर आरोप टिकला असता, किंवा गळून पडला असता. त्याऐवजी ती ओळ टिपणातून बैठकीत गेली, बैठकीतून बाहेर गेली आणि फिरत फिरत ज्याच्याबद्दल होती त्याच्या कानावर पडली. त्याबद्दल क्लॉपशी बोलणं झालं ते त्याने स्वतः फोन उचलला तेव्हा.